पास झालेले कान

कागदावर विचाराल तर दुंडाप्पा तेरदाळ्यांचे कान ठणठणीत होते. इचलकरंजीतल्या इनामदारांच्या यंत्रमाग कारखान्यात दर वर्षी कानतपासणीचं शिबिर व्हायचं, आणि दर वर्षी दुंडाप्पांना ‘श्रवणशक्ती सामान्य’ असा दाखला मिळायचा. असे एकोणीस दाखले कारखान्याच्या दफ्तरात जपून ठेवलेले होते. त्यातल्या पहिल्या सातांवर सही होती वैजयंता तेरदाळेची, म्हणजे दुंडाप्पांच्या पोटच्या मुलीची.

आणि आता त्याच दाखल्यांच्या जोरावर इनामदार दुंडाप्पांना तुरुंगात धाडायला निघाले होते.

झालं ते असं. दुंडाप्पा जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालू करून द्यायचा हे त्यांचं काम. हमीदा मुल्लाणी त्याच शेडमध्ये बावीस वर्षं माग चालवत होती. त्या दिवशी तिच्या मागावर धागा गुंतला. दुंडाप्पांनी मागच्या बाजूनं दुरुस्ती केली आणि बटण दाबलं. पुढच्या बाजूला हमीदाचा हात अजून आत गुंत्यात अडकलेला होता, धागा ठोकून बसवणारी फणी आणि कापड यांच्या मधोमध. फणी खाडकन आली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

खरं तर नव्या मागांना आत हात दिसला की आपोआप थांबायची सोय होती. पण ती सोय दिवसातून दहा वेळा माग थांबवते, उत्पादन अडतं, म्हणून इनामदारांनी ती काढून टाकली आणि तिच्या जागी भोंगा बसवला. आत हात असताना कुणी बटण दाबलं, की आधी पाच सेकंद बारीक, टोकदार आवाज: पी, पी, पी. शंभर मागांच्या खडखडाटात, वीस-वीस वर्षं त्याच खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसांना सावध करायला पी-पी! ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो काचा लावलेल्या थंडगार केबिनमध्ये बसत असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पूर्वी भोंग्याची गरजच नव्हती. जॉबर बटण दाबण्याआधी मागावरून हात वर करायचा, समोरचा कामगार मोकळे झालेले दोन्ही हात वर करून दाखवायचा, मग माग सुरू. इतकी साधी रीत. शेडमध्ये कुणी घशानं बोलतच नसे. ओठ हलवायचे, हात करायचे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लग्न ठरलं-मोडलंसुद्धा कळायचं. मग कॅमेरे आले. कॅमेऱ्यामागचं यंत्र हातवारे मोजायचं आणि प्रत्येक हातवाऱ्याला ‘गप्पा’ अशी नोंद करून पाळीतल्या तीन मिनिटांचा पगार कापायचं. महिन्याभरात हात खाली आले ते आलेच.

पोलिसांना दुंडाप्पांनी सांगितलं, “भोंगा ऐकलोय मी. लक्ष न्हवतं.” खाली सही केली.

वैजयंता कोल्हापुरात श्रवणतज्ज्ञ होती. स्वतःचं छोटं केंद्र, दाराबाहेर पाटी, भिंतीवर परवाना. बातमी कळली तशी ती आधी वडिलांकडे न जाता इचलकरंजीच्या दवाखान्यात हमीदाकडे गेली. हमीदा उशाला टेकून बसली होती. वैजयंताला बघून तिनं तोंड फिरवलं, आणि लगेच पुन्हा वळवलं. तोंड फिरवलं तर बोलणं कळणार कसं?

“चाची, आप्पा म्हणतायत...”

“म्हाईताय काय म्हणतोय त्यो.” हमीदाचा आवाज सगळ्या वॉर्डात गेला. “भोंगा ऐकला म्हणं. वैजू, वरडून वरडून घसा फुटला माझा. भोंगा ऐकला आसंल तर माझं वरडणं बी ऐकलंच आसंल की. ऐकून दाबलं व्हय गं त्यानं? बावीस वर्षं भाऊ म्हटलं मी त्याला. बोटं गेली ती गेली. पर त्यानं ऐकून दाबलं, हे मनातनं जाईना झालंय.”

वैजयंता खाली बघत काहीतरी पुटपुटली.

“तोंड वर करून बोल,” हमीदा चिडून म्हणाली, “दिसंना मला.”

ते ऐकलं आणि वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणाचा हे तिला जिना उतरेपर्यंत नीट कळलं नाही. कळलं तेव्हा त्यात तिचं स्वतःचं नावही होतं.

बावीस वर्षांची असताना तिला शिबिराचं काम मिळालं होतं. एका एजन्सीनं कारखान्याचा ठेका घेतला होता. कॅन्टीनमध्ये टेबल, टेबलावर यंत्र, कामगाराच्या कानाला हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. नियमाप्रमाणे कामगाराला पाठमोरं बसवायचं असतं. वैजयंतानं पहिल्या दिवशी तसंच बसवलं, आणि पहिले नऊजण ओळीनं नापास झाले. नववा माणूस खुर्चीतून उठला आणि तिच्या पाया पडायला वाकला. नापास म्हणजे घरी, एवढंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तेव्हा तिनं खुर्ची फिरवली. बस्स, इतकंच केलं. आता कामगार तिच्यासमोर तोंड करून बसायला लागले. तिचं बोट यंत्राच्या कळीवर दबलं की समोरचं बोट वर. आयुष्यभर डोळ्यांनी ऐकलेली ती माणसं. त्यांना पापणीची हालचालसुद्धा पुरायची. पुढची चाचणी हलक्या आवाजातले शब्द परत म्हणण्याची. ‘कमळ’, ‘पाटी’, ‘साखर’. वैजयंता नुसते ओठ हलवायची, आणि समोरचा धडाधड म्हणून दाखवायचा. दुंडाप्पांचा नंबर आला की तर विचारूच नका. ओठांची ही भाषा तिला त्यांनीच शिकवली होती, ती चार वर्षांची असताना, मागाशेजारी सुताच्या पोत्यावर बसवून. चाचणी झाली की ते हेडफोन काढायचे आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारायचे, “पास?” ती मान हलवायची. सात वर्षं सात वेळा हलवली.

ते पाप आहे असं तिला तेव्हा वाटलंच नाही, दया वाटली. तिच्यानंतर जे आले त्यांनी तर दयेनं नव्हे, घाईनं खुर्च्या तशाच ठेवल्या. तासाभरात चाळीस माणसं तपासायची तर दुसरं काय होणार?

कोल्हापूरला परतल्यावर तिनं केंद्राचं दार लावून घेतलं आणि ‘स्वरमागोवा’ उघडला.

हे यंत्र येऊन दोनच वर्षं झाली होती. त्यामागची गोष्ट समजायला अवघड नाही. आपण तोंडानं बोलतो असं आपल्याला वाटतं, पण निम्मं बोलणं कानांवर चालतं. माणूस बोलता बोलता स्वतःचा आवाज ऐकत असतो आणि न कळत दुरुस्त करत असतो. आता कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, आणि तिच्यात ओळीनं केसपेशी. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात. रोज आठ-दहा तास दणका बसला की आधी त्याच आडव्या होतात, पायवाटेवरच्या गवतासारख्या. फरक एवढाच, की गवत पुन्हा उगवतं. माणसाच्या या पेशी उगवत नाहीत.

आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची धार त्या उंच आवाजातच असते. स्वतःचा ‘स’ ऐकू येईनासा झाला की माणूस तो नीट घासत नाही. दर वर्षी कणभर बोथट होतो. जोडीला आवाज चढतो, सूर लटपटतो. बदल इतका सावकाश होतो की घरच्यांनाही कळत नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं हजारो लोकांचे जुने आवाज आणि त्यांच्या कानांचे तक्ते ताडून पाहिले आणि ही वाट उलटी चालून दाखवली. माणसाच्या वर्षावर्षाच्या ध्वनिफिती द्या. त्याचे कान कुठल्या वर्षी किती गेले ते यंत्र सांगतं. चूक फार तर सहा महिन्यांची.

ध्वनिफिती तर वैजयंताकडे ढीगभर होत्या. दुंडाप्पांना टाईप करायचा कंटाळा. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हापासून दर सुट्टीला त्यांचा आवाजी निरोप यायचा. “वैजू, जेवलीस काय? साखर संपली आसंल तर सांग, पाठवून देतो.” तिनं एकही पुसला नव्हता.

यंत्रानं तीन मिनिटं घेतली. पडद्यावर रेघ उमटली आणि उतरत गेली. तिनं पहिल्या दाखल्यावर सही केली त्या वर्षी आप्पांचे उंच आवाज निम्म्याहून जास्त गेलेले होते. सातव्या दाखल्याच्या वर्षी भोंग्याच्या पट्टीत काहीच उरलं नव्हतं. तेव्हाच पहिल्या वर्षी ‘नापास’ लिहिलं असतं, त्यांना शेडमधून हलवलं असतं, तर रेघ तिथंच थांबली असती. शेवटच्या निरोपात ते म्हणत होते, “शाखर शंपली आशंल तर शांग.” इतकी वर्षं ती ते ऐकत होती. तिचा धंदा कानांचा, आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं! तिनं टेबलावरचा पेला भिंतीवर फेकला. मग काचा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इचलकरंजीला घरी गेली. दुंडाप्पा कॉटवर बसून नखं कापत होते. तिनं कागद पुढे ठेवला आणि त्यांच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, सगळं सांगितलं.

“फाड त्यो कागद,” ते म्हणाले.

“आप्पा, दोन वर्षं तुरुंगात जाल!”

“जातो की. काय हुतंय?” मग आवाज चढला, शेजारच्या दारात बाई येऊन उभी राहिली इतका. “मी बहिरा म्हटलं की चाळीश जणांचं कान तपाशणार त्ये. शमदी घरी. इनामदार शोताच्या तोंडानं बोललाय मला. आणि तू? तुझ्या शह्या हाईत त्या. परवाना जाईल तुझा. त्याशाठी शिकीवलं व्हय तुला?”

“इनामदार तुम्हाला कायदा निम्माच वाचून दाखवतोय! कान गेलेल्याला काढा असं कायदा म्हणत नाही. त्याच पगारावर शांत कामावर घाला म्हणतो. ते घालायला लागू नये म्हणून तर तुम्ही एकोणीस वर्षं पास होताय. त्याला तुमचे कान नकोतच, त्याला तुमचे दाखले हवेत.”

“नगं शिकवू मला.”

“हमीदाचाची काय म्हणते ठाऊक आहे? दुंडाप्पानं माझं ओरडणं ऐकलं आणि ऐकून बटण दाबलं, असं म्हणते.”

दुंडाप्पांच्या हातातला नेलकटर थांबला. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, जणू ओठांनी चुकीचं सांगितलं असावं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. आप्पांनी डोळे मिटले म्हणजे बोलणं संपलं. पुढं तिनं छताला ओरडून सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. लहानपणापासून तिला या गोष्टीचा संताप यायचा, आणि आज तो आवरला नाही. ती रागारागानं चप्पल घालून बाहेर पडली.

कामगार खात्याची चौकशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच ठेवली होती. पिंगळेबाई म्हणून अधिकारी आल्या होत्या. त्यांच्या अहवालावर गुन्हा कुणाच्या गळ्यात पडणार ते ठरणार होतं. टेबलाशी त्या, शेजारी त्यांची टंकलेखिका, बाजूला इनामदार आणि त्यांचे मॅनेजर. एका अंगाला दुंडाप्पा उभे. पहिल्या रांगेत हमीदा, बँडेज बांधलेला हात मांडीवर. मागं चाळीस कामगार. त्यांना इनामदारांनीच काम थांबवून आणलं होतं. ‘आम्हा सर्वांना भोंगा स्पष्ट ऐकू येतो’ अशा निवेदनावर चाळिसांच्या सह्या होत्या.

वैजयंतानं रेघ दाखवली, यंत्र समजावलं. इनामदार हसले.

“मॅडम, मुलगी बापाला वाचवणारच. पण हिलाच विचारा की, या सात दाखल्यांवर सही कुणाची?”

“माझी,” वैजयंता म्हणाली. “सातही खोटे आहेत. मी त्यांना समोर बसवलं आणि ओठ वाचू दिले. एकट्या आप्पांनाच नव्हे, सगळ्यांना. लिहून घ्या, परवाना काढून घ्यायचा तर घ्या. पण नंतरचे बारा कुणी कसे दिले, तेही विचारा. आणि माग थांबवायची सोय काढून भोंगा कुणी बसवला, हात वर करायची रीत कुणी बंद केली, हेही लिहा!” बोलता बोलता तिचा हात टेबलावर आपटला. दुंडाप्पा तिच्याकडे बघून ओठांनीच म्हणत होते, बस, गप बस, बस. मागचे चाळीसजण ते वाचत होते. पिंगळेबाईंना त्यातलं काहीच दिसलं नाही.

“मी कशावर विश्वास ठेवू?” पिंगळेबाईंनी चष्मा काढला. “एकीकडे एकोणीस कागद आणि चाळीस सह्या. दुसरीकडे दोन वर्षांचं एक यंत्र, आणि खोट्या सह्या केल्याचं सांगणारी तज्ज्ञ.”

“यंत्र राहू द्या बाजूला,” वैजयंता म्हणाली. तिनं एका कागदावर चार ओळी लिहून त्यांच्यापुढं सरकवल्या. पिंगळेबाईंनी वाचल्या. मग तो टंकलेखिकेला दाखवला आणि उठून खुर्ची फिरवून कामगारांकडे पाठ करून बसल्या. वैजयंताही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे खुणा केल्या असं नंतर कुणी म्हणायला नको.

पिंगळेबाई मोठ्या, स्पष्ट आवाजात बोलल्या. वर्गात शिकवतात तितक्या मोठ्या.

“ज्यांना उद्यापासून नोकरी नको आहे, त्यांनी हात वर करा.”

ठरल्याप्रमाणे टंकलेखिकेनं हात वर केला.

भिंतीकडे बघत असलेल्या वैजयंताला आधी बाकं करकरल्याचं ऐकू आलं. मग बाह्यांची सळसळ. मग इनामदार किंचाळले, “अरे! हात खाली! हात खाली घ्या, मूर्खांनो!” आणि त्यानंतर काहीच नाही, पलीकडच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट तेवढा. तिला वळावंसं वाटेना. तरी ती वळली.

चाळीस हात वर होते. सगळे उत्साहानं, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलांसारखे. भोंग्याचाच प्रश्न असणार, एकीनं हात वर केला म्हणजे आपणही करायचा, उशीर दिसता कामा नये. सगळ्यांचे डोळे टंकलेखिकेवर होते, इनामदारांकडे कुणी बघतच नव्हतं; काहीजण तर हसतही होते. पहिल्या रांगेत हमीदाचा डावा हात वर होता. आणि टेबलाशेजारी दुंडाप्पांचा हात सगळ्यांत ताठ.

पिंगळेबाई वळल्या. त्यांनी एकेक हात बघितला, टंकलेखिकेला “मोजा आणि लिहा” म्हणाल्या, आणि नंतर इनामदारांकडे अशा नजरेनं बघितलं की ते खाली बसले. मॅनेजरनं भोंग्याच्या निवेदनाचा कागद हळूच स्वतःच्या फाईलखाली ढकलला.

आपलं काहीतरी चुकलंय हे दुंडाप्पांना चेहऱ्यांवरून कळलं. चेहरे वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हात तसाच वर ठेवून त्यांनी मुलीकडे बघितलं आणि ओठ हलवले.

“पास?”

सात वेळा तिनं मान हलवली होती. आठव्यांदाही ती आपोआप हलायला निघाली, आणि तिनं ती दातओठ खाऊन थांबवली. मग आवाज न करता, एकेक अक्षर नीट दिसेल असं, ती म्हणाली, “नापास, आप्पा. समदी नापास.”

दुंडाप्पांचा हात खाली आला. त्यांनी मागं वळून बघितलं. वीस-बावीस वर्षांचे सोबती हात वर करून बसले होते, आणि आता एकमेकांचं बघून एकेक हात खाली येत होता. त्यांची नजर हमीदावर थांबली. ते चार पावलं चालून तिच्यापुढं गेले आणि तिला तोंड नीट दिसावं म्हणून जमिनीवर उकिडवे बसले.

“हमीदा, ऐकू आलं न्हाई गं मला,” ते म्हणाले. नेहमीसारखं मोठ्यानं, सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं, आणि ऐकू जायला हवं होतं त्या चाळीसजणांतल्या कुणालाच न जाईल असं. “भोंगा न्हाई. तुझं वरडणं बी न्हाई. शपत शांगतो, काय बी ऐकलं न्हाई मी.”

हमीदा त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिनं डावा हात पुढं करून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं.

“पुन्यांदा सांग,” ती म्हणाली.